हाड कशात भिजवलं होतं?

उबाळे मॅडमना आनंद झाला की त्या चपला काढायच्या. बसमध्ये असोत, सभागृहात असोत, की कामतघरच्या नाक्यावर मेथीची जुडी निवडत असोत. डोक्यात काही चमकलं की पाय आपोआप चपलेबाहेर. मग अनवाणी दोन पावलं पुढे, दोन मागे, आणि "मंदा, असं असेल का बघ" अशी सुरुवात. मी त्यांच्या हाताखाली तीस वर्षं टेक्निशियन होते. म्हणजे तीस वर्षं मी त्यांच्या चपला सांभाळल्या, असं म्हटलं तरी चालेल. एकदा स्टेशनबाहेरच्या स्टँडवर त्या बोलत बोलत बसमध्ये चढल्या आणि चपला राहिल्या खाली. माझं गाव कोन येईपर्यंत दोघींच्या लक्षात आलं नाही.

डॉ. विशाखा उबाळे. छातीचा कॅन्सर हाडात कसा शिरतो आणि शरीरातले हार्मोन त्यात काय भानगड करतात, हे शोधण्यात त्यांनी आयुष्य घातलं. नोकरी मुंबईच्या मोठ्या संशोधन संस्थेत, पण घर शेवटपर्यंत भिवंडीत. क्वार्टर मिळत होतं तेही घेतलं नाही. "लूमचा आवाज नसला की मला झोप लागत नाही," म्हणायच्या. मॅडम जाऊन आता वर्ष होईल. त्यांच्या शोकसभेत चार मोठ्या माणसांनी त्यांच्या पेपरांची यादी वाचली. मला असा राग आला म्हणून सांगू. यादीत कुठे माणूस मावतो? मी मागच्या खुर्चीत बसून मनात म्हणत होते, अहो, कुणीतरी माझ्या जनावैनीच्या हाडाचं सांगा. पण ते तिथे कुणाला माहीतच नव्हतं. मग आता मीच सांगते.

जनावैनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, राहणार कोन. दहावीला मी नापास होणार असं घरातल्या सगळ्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं, तेव्हा "मंदा शिकंल, तुमी गप ऱ्हा" असं म्हणणारी ती एकटी. नऊ वर्षांपूर्वी तिला छातीचा कॅन्सर झाला. ऑपरेशन झालं, केमोची सलाईनं झाली, आणि त्या सलाईनांनी तिचा जीव घ्यायचाच बाकी ठेवला. तिसऱ्या सलाईनला आठवडाभर अतिदक्षता विभागात होती. त्यानंतर हार्मोनच्या गोळ्या सुरू झाल्या, त्या तिला मानवल्या. गोळी रोज एक, पाण्याबरोबर. पाच वर्षं घेतली आणि शेतावर, बाजारात हिंडली.

मग एके दिवशी कंबर धरली. आधी वाटलं, वय झालं. नंतर तिला ओट्यावरून उठता येईना. तपासण्या झाल्या, कमरेच्या हाडाचा तुकडा काढला, आणि रिपोर्ट आला की तोच छातीचा कॅन्सर आता हाडात उतरला आहे. वर आणखी एक ओळ होती. पहिल्या वेळी त्या कॅन्सरच्या पेशींवर हार्मोन धरून ठेवणारा रिसेप्टर होता, आता तो नाही. तो नाही म्हणजे गोळ्यांचा उपयोग नाही. पुन्हा सलाईन.

वैनीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "न्हाय. सलाईन न्हाय. गोली असंल तर दे. न्हायतर मना घरीच ऱ्हऊ दे."

दादा समजावून थकला. मी रागावले, रडले, पाया पडायची तेवढी बाकी होते. वैनी भिंतीकडे तोंड करून झोपली. गोळी चालणार असली तर ती औषध घेणार, नाहीतर नाही, एवढा साधा मामला होता.

तो रिपोर्ट घेऊन मी मॅडमकडे गेले. त्यांना तेव्हा निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, मीही झाले होते. कामतघरला इक्बालभाईंच्या लूमच्या कारखान्यावर दोन खोल्या त्यांनी घेतल्या होत्या. तिथे जुना मायक्रोस्कोप, हाडाचे पापुद्रे कापायचं जुनं मशीन, एक फ्रीज आणि एक प्रेशर कुकर. आसपासच्या छोट्या लॅबमधल्या टेक्निशियनना त्या हाडाचं काम फुकट शिकवायच्या. खाली लूम धडाडत असायचे आणि वर अख्खी खोली थरथरत असायची. मायक्रोस्कोपच्या पायाखाली त्यांनी सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातले होते, तरी बघताना चित्र हलायचंच. नीट बघायचं असलं की खाली निरोप जायचा, आणि इक्बालभाई दहा मिनिटं लूम बंद ठेवायचे. पहिल्यांदा कुरकुरले होते. मॅडमनी त्यांना वर बोलावून त्यांच्याच कोंबडीच्या हाडाची स्लाइड दाखवली, तेव्हापासून कधी नाही म्हणाले नाहीत.

मॅडम रिपोर्ट नेहमी शेवटाकडून वाचायच्या. निष्कर्ष आधी, मग मागे मागे जात काय काय केलं ते. वैनीचा रिपोर्ट त्यांनी तसाच वाचला. पहिल्या पानापर्यंत आल्या, पान उलटून मागे काही लिहिलंय का तेही बघितलं. मग चष्मा वर करून मला विचारलं, "हाड कशात भिजवलं होतं?"

त्यांना काय म्हणायचंय ते मला लगेच कळलं. कारण हा प्रश्न विचारायची सवय त्यांना लावणारी मी आहे.

थोडं समजावून सांगते, अवघड नाही. हाडाचा पापुद्रा सुरीने कापायचा तर हाड आधी मऊ करावं लागतं. त्याचे दोन रस्ते. एक सौम्य द्रावण असतं, त्यात दीड-दोन आठवडे लागतात आणि रोज ते बदलावं लागतं. दुसरं कडक ॲसिड, एक-दोन दिवसांत काम तमाम. पण ॲसिड नुसता हाडातला चुना खात नाही. पेशीवरचा तो रिसेप्टरही खातं. मग त्याला शोधायला घातलेला रंग कुठे चढतच नाही, आणि माणूस खुशाल लिहून देतो, इथे काही नाही.

आता माझं पाप. त्याला पंचवीस वर्षं होऊन गेली. मॅडम तेव्हा ऐन भरात होत्या. रोज आम्ही दोघी स्टेशनवरून भिवंडीच्या बसने परत यायचो आणि त्या मला हाडं समजावायच्या. "हाड म्हणजे दगड नाही गं मंदा. आपल्या भिवंडीचा रस्ता आहे. एक टोळी रोज खणते, दुसरी रोज बुजवते. दोघींचा मेळ आहे तोवर रस्ता चालू. हा कॅन्सर तिथे जातो आणि खणणाऱ्या टोळीला चिथावतो. त्यासाठी हार्मोनसारखंच एक रसायन सोडतो, बदमाश. ते खणत सुटतात, खणलेल्या हाडातून जे बाहेर पडतं त्यावर हा पोसतो, की पुन्हा चिथावतो." असं म्हणताना त्यांचे हात असे चालायचे की पुढच्या सीटवरची माणसं डोकी वाकवायची. कंडक्टरसुद्धा एकदा थांबून म्हणाला, "मॅडम, मग त्या दुसऱ्या टोळीचं काय झालं?" मॅडमनी त्याला भिवंडीचा नाका येईपर्यंत सांगितलं.

तर त्या वर्षी संस्थेच्या मोठ्या सभेत त्यांना काम मांडायचं होतं. एकाच बाईची छातीची गाठ आणि नंतर हाडात गेलेला कॅन्सर, अशा जोड्या आम्ही जमवल्या होत्या. हाडात गेल्यावर तो रिसेप्टर टिकतो का, हा प्रश्न. मॅडम चार दिवस दिल्लीला गेल्या, आणि हाडं काही मऊ होईनात. सभा आली तोंडावर. मी कोनची, खाडीकाठची. आमच्याकडे काटेरी मासळी कोकमाच्या आंबटात मुरवून ठेवतात, काटे मऊ पडतात, लहानपणापासून बघत आले. म्हटलं, हाडालाही आंबटच दाखवू. आंबट म्हणजे काय, ॲसिडच की. फळीवर बाटली होतीच. दोन आठवड्यांचं काम मी दीड दिवसात उरकलं आणि स्वतःवर खूश झाले. काय डोकं चालवलं, म्हटलं.

स्लाइड तयार झाल्या. छातीच्या गाठींवर झकास तपकिरी ठिपके, आणि त्याच बायकांच्या हाडात काहीच नाही. कोरं. मॅडमच्या चपला त्या दिवशी सकाळी निघाल्या त्या संध्याकाळी सापडल्या. हाडात शिरला की हा कॅन्सर हार्मोन विसरतो, असा त्याचा अर्थ होत होता, आणि हे असं आधी कुणी ठामपणे दाखवलं नव्हतं, असं मॅडम म्हणत होत्या. त्यांनी चहा आणणाऱ्या शिंदेकाकांना मायक्रोस्कोपाशी बसवलं. "या काका, बघा, फुकट आहे." झाडणाऱ्या मावशींना बसवलं. मी दाराशी उभी राहून हे बघत होते आणि मला इतका अभिमान वाटत होता की ॲसिडची आठवणही झाली नाही.

सभेच्या दोन दिवस आधी बसमध्ये त्यांनी सहज विचारलं, "मंदा, या खेपेला हाडं इतक्या लवकर कशी तयार झाली गं?"

खोटं बोलता आलं असतं. पण मॅडम प्रश्न विचारताना माणसाकडे असं बघायच्या की समोरच्याला त्यांना उत्तर द्यावंसंच वाटायचं. मी सांगितलं. कोकमापासून ॲसिडपर्यंत सगळं सांगितलं. बस कोनला आली, मला उतरायचं होतं, मी उठले नाही. पुढे भिवंडीपर्यंत गेले त्यांच्याबरोबर. नाक्यावर उतरल्यावर म्हणाल्या, "आमच्या अण्णांचं तुला सांगितलंय का कधी?"

त्यांचे वडील कारखान्यात कापड तपासायचे. काचेचं टेबल, खालून ट्यूबलाइट, त्यावरून कापड ओढत न्यायचं आणि दोष शोधायचा. एकदा एका ताग्यावर हातभर अंतराने तेलाचे डाग दिसले. अण्णांनी त्या कारागिराचं नाव दिलं, त्याचे लूम काढून घेतले गेले. संध्याकाळी घरी हात धुताना अण्णांना स्वतःच्या अंगठ्यावर तेल दिसलं. सकाळी सायकलची चेन पडली होती ती बसवली होती. तसेच ओल्या हाताने ते त्या कारागिराच्या खोलीवर गेले, आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यात सगळ्यांसमोर बोलले. "त्यानंतर डाग दिसला की अण्णा आधी आपले हात उलटेपालटे करून बघायचे," मॅडम म्हणाल्या. "मग लूम, मग सूत. मी नाही बघितले हात. मला ते चित्र फार आवडलं होतं ना, म्हणून."

मला त्या एक शब्द रागाने बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

सभेत त्या उभ्या राहिल्या. मी मागे बसले होते. मॅडम म्हणाल्या, "मी आज एक चित्र दाखवणार होते. ते चुकीचं आहे. हाडं आम्ही ॲसिडमध्ये भिजवली. चूक आमच्या हातून झाली, पुन्हा करून आणते." बास. खाली बसल्या. सभागृहात कुणी हसलं, कुणी खोकलं. त्या वर्षीची बढती दुसऱ्याला मिळाली, आणि ते स्वाभाविकच होतं असं मॅडम म्हणत राहिल्या. 'आमच्या हातून' यातला हात कुणाचा, हे त्यांनी मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही. मी इथे पहिल्यांदा सांगतेय.

दीड वर्ष लागलं. सगळं पहिल्यापासून, सावकाश. तेव्हा दिसलं की आधी कोऱ्या वाटलेल्या बऱ्याच हाडांत ठिपके होतेच, ॲसिडने पुसले होते. आणि काही थोडी हाडं मात्र खरंच कोरी होती. म्हणजे कॅन्सर हार्मोन विसरतो, पण प्रत्येक वेळी नाही. पहिल्याएवढं धडाकेबाज नव्हतं ते, पण खरं होतं. मॅडमनी पेपरात ॲसिडची चूक सविस्तर लिहिली, लाज न बाळगता. तिथून पुढे त्या जाईल तिथे विचारायच्या, हाड कशात भिजवलं होतं? परिषदेत विचारायच्या, परदेशी पाहुण्यांना विचारायच्या. लोक टिंगल करायचे, भिजवणाऱ्या मॅडम आल्या म्हणायचे. मॅडमना ते कळायचं, आणि खुदकन हसायच्या.

आता परत वैनीकडे येते.

रिपोर्ट देणाऱ्या त्या लॅबमध्ये मी गेले. नाव सांगत नाही, कारण ती चूक मी स्वतः केलेली आहे, मी कुठल्या तोंडाने कुणाला नावं ठेवू? तिथल्या बाईने प्रामाणिकपणे सांगितलं, "ॲसिडमध्येच करतो. पेशंटला रिपोर्टची घाई असते." बरं, हाडाचे दोन तुकडे काढले होते, आणि दुसरा अजून बाटलीत तसाच होता. मी मॅडमना तिथूनच फोन लावला. मग मॅडम म्हणाल्या, "बाटली छातीशी धरून आण. रिक्षाने ये. खड्डे बघून."

वैनीचे डॉक्टर तरुण होते, पण ऐकून घेणारे. मॅडम स्वतः त्यांना भेटायला गेल्या. ते म्हणाले, "दोन आठवडे देतो. त्यापुढे थांबणं धोक्याचं आहे."

मॅडम म्हणाल्या, "पुरतील. आणि मी काही दिलं तरी तो रिपोर्ट समजू नका. शंका समजा. खात्री तुमच्या मोठ्या लॅबने करायची." आणि अर्धा तुकडा त्यांनी त्याच दिवशी डॉक्टरांना परत दिला. सोबत एक चिठ्ठी, कशात भिजवा आणि किती दिवस.

ते दिवस मी कसे काढले मला माहीत. रोज सकाळी जाऊन द्रावण बदलायचं. तांदळाच्या दाण्याएवढा तो तुकडा, त्याच्यावर माझ्या वैनीचं जगणं टांगलेलं. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "मॅडम, थोडं गरम केलं तर?" मॅडमनी माझ्याकडे नुसतं बघितलं. दुसऱ्या दिवशी बघते तर फळीवरची ॲसिडची बाटली गायब. "घरी नेली," म्हणाल्या. "तुझा भरवसा नाही." आणि हसल्या. पंचवीस वर्षांत त्या गोष्टीवर त्यांनी केलेला हा पहिला विनोद. मला हसावं की रडावं कळेना.

इकडे वैनी विचारायची, "मंदे, माजं हाड भिजलं का गो?" चवळी भिजत घातल्यासारखं विचारायची.

"भिजतंय."

"कवरं निबर हाय ते." आणि थोडं थांबून, "माज्यावानीच."

दहाव्या दिवशी मॅडमनी सुईने तुकडा हळूच दाबला आणि तो वाकला. मग आम्ही दोघी कामाला लागलो. मेणात बसवणं, पापुद्रे कापणं. खाली लूम बंद असतील तेवढ्याच वेळात कापायचं, नाहीतर सुरी नाचते. मग काच कुकरमध्ये ठेवून उकळायची, त्याशिवाय रंग नीट धरत नाही. कुकरची शिट्टी झाली की खालून इक्बालभाई ओरडायचे, "मॅडम, आज क्या पक रहा है?" मॅडम वरून सांगायच्या, "हड्डी."

रंग चढवून झाला. मी मायक्रोस्कोपकडे धावणार, तर मॅडमनी माझा दंड धरला.

"तू बघायचं नाहीस. मीही नाही."

"मग कोण बघणार?"

"आपल्या दोघींनाही ते ठिपके हवेत, मंदा. हवे असले की दिसतात. एकदा दिसलं होतं ना मला, नसलेलं कोरेपण." आणि त्यांनी आपले दोन्ही हात उलटेपालटे करून बघितले.

मग त्यांनी जो उद्योग केला तो ऐका. तीन काचा घेतल्या. एक जुनी, जिच्यात ठिपके आहेत हे पक्कं माहीत. एक जुनी, जिच्यात नाहीत हे पक्कं माहीत. आणि तिसरी वैनीची. मॅडम जिन्यात जाऊन उभ्या राहिल्या. मी नावं कागदाच्या पट्टीने झाकून वर एक, दोन, तीन लिहिलं, आणि कुठली कुठे ते एका चिठ्ठीवर लिहून पदरात बांधलं. मॅडम आत आल्या, मला म्हणाल्या, "आता भिंतीकडे तोंड कर. तुझा चेहरा सगळं सांगून टाकतो." आणि खाली निरोप दिला, इक्बालभाईंना वर पाठवा, लूम बंद करून.

इक्बालभाईंचं आयुष्य कापडातला दोष शोधण्यात गेलं. ते वर आले, टोपी सारखी केली. "मॅडम, दस मिनट. माल अटका है."

"पाचच पुरे. तीन काच आहेत. निळं कापड समजा. बीच में भूरे दाग दिखते क्या, इतकंच सांगायचं. समजा नसले, तर नाही म्हणायचं. मला बरं वाटावं म्हणून काही बोलायचं नाही."

"मैं माल पे झूठ नहीं बोलता."

खालचे लूम एकेक करत थांबले. कामतघरला दिवसाउजेडी शांतता म्हणजे काय असते ते तिथे राहिल्याशिवाय कळायचं नाही. भिंतीच्या पोपड्याला नाक लावून मी उभी होते. मागे काच सरकवल्याचा आवाज आला.

"एक नंबर," मॅडम म्हणाल्या.

"इसमें दाग है. भरपूर."

एक नंबर म्हणजे जुनी, ठिपक्यांची. बरोबर.

"दोन."

"साफ. एकदम साफ."

दोन नंबर म्हणजे जुनी, कोरी. तेही बरोबर. म्हणजे माणूस नीट बघतोय, खोटं बोलत नाहीये. आता तीन. तीन म्हणजे वैनी.

"तीन."

मागे स्टूल करकरलं. मी डोळे मिटले. मला मॅडमच्या श्वासाचा आवाज येत होता. खाली कुणीतरी तंबाखू मळताना टाळी वाजवली, तीही वर ऐकू आली.

"रुको," इक्बालभाई म्हणाले. "इसको थोडा हिलाओ. हां. इधर नहीं है... इधर... है. दाग है, मॅडम. पहले से कम है, लेकिन है. ये देखो, ये, ये. पूरी लाइन है."

मला भिंतीकडे तोंड करूनच रडू फुटलं. पाठ हलली असणार, कारण इक्बालभाई घाबरून म्हणाले, "क्या हुआ, गलत बोला क्या?" मी पदराची गाठ सोडून चिठ्ठी त्यांच्याच हातात दिली. त्यांनी ती मॅडमना दिली. मॅडमनी वाचली आणि मग पहिल्यांदा त्या स्वतः मायक्रोस्कोपवर वाकल्या. खूप वेळ बघितलं. सरळ झाल्या तेव्हा पाय अनवाणी होते, चपला टेबलाखाली एक इकडे, एक तिकडे.

"दिसतंय," त्या म्हणाल्या. "आहे की नाही ते मोठ्या लॅबला सांगू दे." मग दारात जाऊन खाली ओरडल्या, "अरे या रे सगळे, वर या, बघून जा." लूमवरची सगळी माणसं त्या जिन्याने वर आली. एकेकाने वाकून माझ्या वैनीचं हाड बघितलं. इक्बालभाई शेजारी उभे राहून प्रत्येकाला दाखवत होते, "वो भूरा वाला देख, मैंने निकाला." माल त्या दिवशी पाऊण तास अटकला.

दोन दिवसांनी मोठ्या लॅबचा रिपोर्ट आला. तेच म्हणत होता. डॉक्टरांनी दुसऱ्या प्रकारच्या हार्मोनच्या गोळ्या सुरू केल्या आणि सोबत हाडाला बळ देणारं इंजेक्शन. मी कोनला जाऊन वैनीसमोर गोळ्यांची पट्टी ठेवली. तिने पट्टी हातात घेऊन उलटसुलट बघितली आणि विचारलं, "सलाईन न्हाय ना?"

"न्हाय."

"मंग दे पानी."

कॅन्सर गेला असं मी म्हणत नाही, हाडातला कॅन्सर असा जात नाही. पण तो दबला. दोन महिन्यांत वैनीला झोप लागायला लागली, चौथ्या महिन्यात ती ओट्यावरून आपली आपण उठली. सातव्या महिन्यात म्हणाली, त्या बाईला मना बगायची हाय, जिनं माजं हाड भिजवलं.

मॅडमना मी शेवटचं पाहिलं ते वैनीला घेऊन गेले त्या दिवशी. त्यानंतर महिन्याभरात त्या गेल्या. झोपेतच. घराशेजारी रात्रपाळीचे लूम चालू होते, म्हणजे झोप त्यांना चांगली लागली असणार.

तर त्या भेटीच्या दिवशी दुपारची वेळ होती. वैनी रिक्षातून उतरली, हातात सुक्या बोंबलाच्या चटणीचा डबा. कारखान्याच्या बाजूने वर जाणारा तो लोखंडी जिना, चौदा पायऱ्या, लूम चालू असले की थरथरणारा. वर दारात मॅडम उभ्या. वैनीने वर बघितलं, मॅडमनी खाली. दोघी एकमेकींना पहिल्यांदा बघत होत्या. इक्बालभाईंनी वैनीची चाल बघितली आणि स्वतःहून स्विचकडे हात नेला, जिना हलायला नको म्हणून.

मॅडमनी वरून हाताने नाही म्हटलं. "चालू राहू दे, इक्बालभाई. रोजच्या दिवशी चढता येतंय का ते बघायचंय."

वैनीने कठडा धरला. पहिली पायरी, दुसरी. तिसरीला ती थांबली, ओठ आवळले. माझ्याने राहवेना. मी मागून तिच्या काखेत हात घालायला गेले.

"मंदा, हात नको," मॅडम वरून म्हणाल्या. "तुझा हात लागला तर मला कळायचं नाही, त्या चढल्या की तू चढवलंस."

मला त्या क्षणी मॅडमचा राग आला, खोटं कशाला बोलू. मी हात मागे घेतला आणि पाठीशी बांधून उभी राहिले. वैनी मात्र हसली. डबा तिने डाव्या हातातून उजव्या हातात घेतला आणि चढायला लागली. चार, पाच. सातव्या पायरीवर दम खाल्ला. जिना गदगदत होता, खाली लूम धडाडत होते, कारखान्याच्या दारात माणसं गोळा होऊन वर बघत होती. दहा. अकरा. मॅडम वर उभ्या होत्या, अनवाणी, दोन्ही हात छातीशी घट्ट धरून, आणि त्यांचे ओठ पायऱ्या मोजत होते. मदतीला एक पाऊल पुढे आल्या नाहीत.

चौदावी पायरी संपली. वैनीचे दोन्ही पाय वर आले. ती धापा टाकत म्हणाली, "आलं का ध्यानात? मीच चडली."

"आलं," मॅडम म्हणाल्या. त्यांनी आपले हात समोर धरले, सवयीने एकदा उताणे करून बघितले, एकदा पालथे. मग ते दोन्ही हात वैनीपुढे केले.

"आता द्या हात."